चवथीला बसवलेला एअर रायफलीचा झिरो दिवाळीपर्यंत का हलतो? नवं बॅरल मागवण्याआधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची रायफल हीच कुरकूर करते की नाही ते कळेल. ४.५ मिमीची, मधून मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, अशी स्प्रिंगवाली एअर रायफल. चवथीच्या सुट्टीत कपाटातून काढली, दहा मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम आणि मार जुळवला, पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. दिवाळीत भाचरांना दाखवायला पुन्हा काढली तर पहिला छर्रा डावीकडे, दुसरा खाली, तिसरा कागदावर नाहीच. पुन्हा झिरो करायचा, आठवडाभर बरं चालतं, नाताळ येईतो परत तीच गत.

माझ्याकडे हा खेळ चार वर्षं चालला. दुसऱ्या वर्षी मी बॅरलच बदललं. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत मी गोव्यात डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो. संशय आलेला भाग काढायचा, नवा घालायचा आणि डंपर परत रस्त्यावर धाडायचा, ही सवय हाडात मुरलेली. रायफलीलाही तोच न्याय लावला.

बॅरल बदलण्याचं काम तसं अवघड नव्हतं. अशा बहुतेक रायफलींत बॅरल मागच्या ठोकळ्यात दाबून बसवलेलं असतं. घरी ते ठोकळ्यातून उपटायच्या भानगडीत पडू नये, ठोकळ्यासकट अख्खा जोड मिळतो तोच घ्यावा. रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली नाही हे दोनदा बघायचं. दस्त्याचे, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाचे, स्क्रू काढून दस्ता वेगळा करायचा, बिजागरीचा बोल्ट काढायचा, कॉकिंगची दांडी खाचेतून सोडवायची की बॅरल हातात येतं. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना कागदासारखे पातळ वॉशर असतात. ते कुठल्या बाजूचे ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर जमिनीवर ओणवं होऊन शोधत बसावं लागतं. मागच्या टोकाच्या टोपीला मात्र हात लावू नका. तिच्यामागे मुख्य स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय ती टोपी सोडवली तर तोंडावर येते.

नवं बॅरल घातलं, आणि खरंच, ग्रुप, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा घोळका, सुधारला. मी चारचौघांना सांगत सुटलो की बॅरलच गेलं होतं. पंधरा दिवसांत मार पुन्हा सरकला. मग डोक्यात प्रकाश पडला: बॅरल बदलताना मी दस्ता काढून परत घातला होता, म्हणजे सगळे स्क्रू नव्याने आवळले होते. गुण आला तो त्या आवळण्याचा, बॅरलचा नव्हे. जुनं बॅरल माळ्यावरून काढून परत चढवलं. आजही तेच आहे, उत्तम मारतं.

बॅरलचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी मध्येच सांगून टाकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून माझ्या भाच्याला पॉइंट टू टूचं, म्हणजे .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलीचं, वेड लागलंय. 'मामा, तुम्ही एअर रायफलीचं बॅरल घरी घातलंत, मग पॉइंट टू टूचंही घालता येईल ना?' नाही रे बाबा. ते अग्निशस्त्र आहे. त्या काडतुसाचं बारूद पेटवणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. म्हणून बोल्ट आणि बॅरल यांच्यामध्ये त्या काठापुरतीच, मिलिमीटरभर जागा नेमकी राखावी लागते. ती चुकली तर काडतूस एकतर पेटत नाही किंवा मागे फाटतं, आणि मागे नेमबाजाचा डोळा असतो. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रांत मोडतात, आणि दुरुस्तीचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. ज्याची परवान्याची पॉइंट टू टू आहे त्याने ती परवानाधारक गनस्मिथकडेच न्यावी.

दुसरी गोष्ट एअर रायफलवाल्यांसाठी. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तरच परवाना लागत नाही. काही मॉडेलना ५.५ मिमीचं बॅरल सहज बसतं आणि दुकानदार ते 'अपग्रेड' म्हणून गळ्यात मारतो. बसतं म्हणून घालू नका, घातलं की तुमची बिनपरवान्याची रायफल परवान्याची होते. आणि कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, नारळ खाणाऱ्या माकडांवर ती रोखायची नाही, ते वन्यजीव कायद्यात बसत नाही. मला हे विचारणारे निम्मे लोक माकडांपायीच विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

आधी कागद वाचा

रायफल खोलण्याआधी दहा मीटरवर कागद लावून दहा छर्रे मारा, एकाच डब्यातले, घाई न करता. मागे चिऱ्याची उघडी भिंत नको. छर्रा उलटून येतो, माझ्या पायरीवर येऊन पडलेला आहे. लाकडी खोक्यात जुने कपडे किंवा वाळूची पिशवी कोंबून त्यापुढे कागद लावा आणि चष्मा घाला.

भोकं एकाखाली एक, उभ्या रांगेत पडली असतील तर छर्ऱ्याचा वेग दर खेपेला बदलतोय. संशय हवा गळण्यावर, म्हणजे बॅरलच्या मागच्या जोडावरच्या ब्रीच सीलवर, नाहीतर आत गेलेल्या तेलावर. आडवी पसरली असतील तर बिजागरी हलते किंवा तुमचा हात रायफल आवळतोय. दोन वेगळे घोळके झाले असतील, चार इथे आणि सहा तिथे, तर काहीतरी दोन जागी बसतंय: स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) पकड, बॅरल बंद धरणारा खटका किंवा दस्ता. आणि चारी दिशांना शिंतोडे उडाले असतील तर छर्रे बदलून बघा, मग नळीचं तोंड तपासा. माझे कायम दोन घोळके पडायचे. हे कागदावर स्पष्ट दिसत असताना मी बॅरल मागवलं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

नेलपॉलिशची रेघ

स्क्रू सैल होतात हे कळल्यावर मी सगळे करतात तेच केलं. आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावून ते घट्ट आवळले. दिवाळीत पुन्हा सैल. तेव्हा वर्कशॉपातली जुनी युक्ती आठवली. बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या वॉशरवर, तिथून लाकडावर एक सरळ रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटणार.

दिवाळीत मार सरकला. रेघ बघितली तर जशीच्या तशी. स्क्रू एक केसभरही फिरला नव्हता. तरी ॲलन की लावली तर पाव फेरा सहज आत गेला. म्हणजे स्क्रू सुटत नव्हता. त्याच्याखालचं लाकूड बारीक होत होतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कपाटातल्या चपला पांढऱ्या पडतात, दरवाजे चौकटीत अडकतात, तर रायफलीचा दस्ता कसा सुटेल? लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फुगताना त्याला स्क्रूचं डोकं अडवतं. मग लाकडाचे तंतू त्या डोक्याखाली चेपतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की लाकूड सुकून आखडतं, पण चेपलेले तंतू परत वर येत नाहीत. तिथे फट राहते. मग आपण स्क्रू आवळतो, पुढच्या पावसात ते आणखी चेपतं, आणि दर वर्षी थोडं थोडं खोल जातं. म्हणून दिवाळीला हा त्रास सुरू व्हायचा.

स्प्रिंगच्या रायफलीत ही फट जास्त भोवते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतलं पिस्टन पुढे धावतं, रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. छर्रा त्या हिसक्यातच बाहेर पडतो. दस्ता दर खेपेला वेगळा बसला की हिसका वेगळा, मार वेगळा.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू लाकडावर दाबलाच जाऊ नये, धातूवर दाबला जावा. बाजारातल्या भंगारवाल्याकडून पितळी नळीचा तुकडा आणला, आतून स्क्रू सैलसर जाईल एवढा. दस्त्यातली स्क्रूची भोकं नळीच्या बाहेरच्या मापाला मोठी केली. ड्रिल एकदम मोठा लावू नका, दोन-तीन पायऱ्यांत जा, आणि बाहेरच्या अंगाला चिकटपट्टी लावा म्हणजे लाकडाची कड उडत नाही. नळी लाकडाच्या त्या जागच्या जाडीएवढी कापून दोन्ही टोकं कानशीने सपाट केली. पुढच्या भागातले स्क्रू तिरके जातात, तिथे नळीची टोकंही त्याच तिरकसात घासावी लागतात. हे काम घाईने होत नाही. मग भोकात अराल्डाइट भरून नळी बसवली. दस्ता रायफलीवर चढवून स्क्रू हलकेच लावले आणि चोवीस तास तसंच ठेवलं. स्क्रूला आणि लोखंडाला आधी मेण किंवा बूटपॉलिश चोळायला विसरू नका, नाहीतर रायफल दस्त्याला कायमची चिकटेल. माझ्या ओळखीच्या एकाची चिकटली आहे.

भोकांच्या आतलं, दस्त्याच्या आतल्या खाचेतलं लाकूड बहुधा कोरं असतं. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आतून उघडं. पाणी तिथूनच पितं. जवसाचं तेल पातळ करून दोन-तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला. तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेटतो. अंगणात पसरून वाळवा.

आणि स्क्रू मनगटाने आवळा, खांद्याने नाही.

दस्ता ठीक असेल तर ब्रीच सील

एवढं करूनही कागदावर उभी रांग उरली असेल तर बॅरल आणि मागची हवेची नळी जिथे मिळतात तिथलं सील बघा. जुन्या देशी रायफलींत ते चामड्याचं असतं, नव्यांत रबरी ओ-रिंग. तपासणी सोपी. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या जोडावर चिकटवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारा. पट्टी फडफडली तर हवा गळते. छर्रा न भरता मारू नका. पिस्टनला अडवायला हवेचा दाब मिळत नाही, ते धातूवर आदळतं आणि स्प्रिंग किंवा सील जातं.

गळतीचा परिणाम किती, त्याचं गणित करून बघितलं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरने गेला तर त्याची ऊर्जा साधारण १५ ज्यूल. गळतीने वेग २०० वर आला तर साडेदहा. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी नळीच्या रेषेपासून दहा मीटरवर छर्रा पहिल्या खेपेला ९ मिमी खाली येतो, दुसऱ्या खेपेला १२. तीन-चार मिलिमीटरचा फरक. पंचवीस मीटरवर तोच फरक साधारण २३ मिलिमीटर होतो. म्हणून अंगणात बरी वाटणारी रायफल शेतावर नेली की लाज काढते.

चामड्याचं सील आखडलेलं असेल तर सिलिकॉन तेलाचे दोन थेंब द्या आणि रात्रभर मुरू द्या. रबरी रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. त्याच मापाची मिळाली नाही तर जुनीखाली पातळ प्लॅस्टिकचं पॅकिंग घालून ती किंचित वर उचलली तरी चालते. मी दुधाच्या डब्याच्या झाकणातून कापलं होतं. जास्त उचललं तर बॅरल बंद होताना जोर लागतो आणि खटका पूर्ण बसत नाही, तेव्हा बेतानेच. शिवणयंत्राचं तेल, थ्री-इन-वन, खोबरेल यांतलं काहीही हवेच्या नळीत घालू नका. हवा दाबली जाऊन इतकी तापते की तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं. धूर येतो, मोठा आवाज होतो, एक-दोन छर्रे जोरात जातात म्हणून पोरं खूश होतात, आणि सील जळून जातं.

बिजागरीची परीक्षा आणखी साधी. रायफल कॉक करा, ट्रिगरपासून बोट लांब, बॅरल अर्धवट उघडं ठेवून हातात नीट धरा आणि मग हळूच पकड सैल करा. बॅरल आपल्या वजनाने खाली पडलं तर बोल्ट सैल आहे. जिथे ठेवलं तिथे राहिलं तर ठीक. बाजूला हलवून खडखड आली तर पातळ वॉशर झिजलेत. नंतर छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारून रायफल मोकळी करा. बॅरल उघडं असताना ट्रिगर कधीच ओढू नका. ते फटकन वर येतं, बोटं सापडतात आणि बॅरल कायमचं वाकतं. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल धरून ठेवायची सवय भाच्याला पहिल्या दिवशी लावली, नेम धरायला नंतर शिकवलं.

स्कोपबद्दल फार लिहीत नाही. स्प्रिंगच्या दुहेरी हिसक्याने स्कोप पट्टीवरून मागे सरकतो. पकडीला थांबवणारी खीळ असेल तर ती खाचेत बसवा, आणि तिथेही नेलपॉलिशची रेघ ओढा. स्कोप काढून उघड्या साइटने दहा छर्रे मारून ग्रुप सुधारला तर उत्तर मिळालं. रायफल टेबलाच्या कडेवर टेकवू नका, हाताच्या तळव्यावर सैल ठेवा.

बॅरलवर शेवटी येऊ. साफ करायला लोखंडी ब्रश नको. मासे धरायची नायलॉनची दोरी दुहेरी करून ब्रीचकडून आत घालायची, टोकाच्या फासात सुती कापडाचा तुकडा अडकवून तोंडाकडे ओढायचा. म्हापशाच्या बाजारात गळाचं सामान विकणाऱ्याकडे ती मीटरवर मिळते. कापड शिशाने काळं येईल, ते ठीक. तांबूस आलं तर आत गंज धरलाय. साफ केल्यावर पहिले वीसेक छर्रे इकडेतिकडे जातात, तेवढ्यावरून झिरो फिरवू नका. तोंडाची कड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी आत घालून गोल फिरवत बाहेर काढा. कापसाचे धागे एकाच जागी अडकले तर तिथे खरवड आहे. आणि एक छर्रा रॉडने हळूहळू पूर्ण नळीतून ढकलून बघा: मध्ये एका जागी सैल, मग घट्ट, परत सैल असं लागलं, किंवा गंजाचे खड्डे हाताला जाणवले, तर आणि तरच नवं बॅरल मागवा. हाताला शिसं लागतं, चहा घेण्याआधी साबणाने धुवा.

पावसाळ्यात रायफल रेक्झिनच्या फोमवाल्या पिशवीत ठेवू नये. फोम ओल धरतो आणि बॅरलवर पिशवीच्या घड्यांचे गंजाचे नकाशे उमटतात. मी ती सुती धोतरात गुंडाळून उभी ठेवतो त्या लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, त्या पंधरवड्याने तव्यावर गरम करून परत ठेवतो. बाहेरून तेलाचा हात फिरवतो, घामट बोटांचे ठसे पुसतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे आठवड्याला करावं.

पितळी नळ्या बसवल्याला तीन पावसाळे झाले. गेल्या दिवाळीत नरकासुर जाळून आल्यावर सकाळीच रायफल काढली. दस्त्याच्या चारही स्क्रूंवरच्या लाल रेघा सलग होत्या, पण त्या आधीही सलगच असायच्या, म्हणून प्रत्येकाला ॲलन की लावून बघितली. एकही आत गेला नाही. मग पाच छर्रे मारले. कागद भाच्याकडे आहे, त्याने वहीत चिकटवलाय.